प्रश्न विचारणारी पाठशाळा

डिसेंबरात बॉस्टनला सूर्य दुपारी सव्वाचारच्या सुमारास मावळतो. जूनमध्ये तोच सूर्य रात्री सव्वाआठ वाजून गेले तरी मावळायचे नाव घेत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवून घ्यावे, हा जैन घरातला जुना नियम. कोल्हापुरात किंवा बारामतीत तो वर्षभर फारशी ओढाताण न करता पाळता येतो. बॉस्टनच्या पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र हिवाळ्यात शाळा सुटून घरी पोहोचेपर्यंत अंधार गाठतो. त्यात बास्केटबॉलचा सराव असेल तर विचारायलाच नको. मग रविवारच्या पाठशाळेत तो हात वर करतो. नियम मोडायचा की खेळ सोडायचा? पूर्वी दिव्याभोवती किडे यायचे आणि अन्नात पडायचे, हे पटले. पण बाहेर बर्फ पडत असताना, बंद खिडक्यांच्या आत, विजेच्या उजेडात जेवले तर हिंसा नेमकी कोणाची होते?

हा उद्धटपणा नाही. त्या मुलाला खरेच जाणून घ्यायचे असते. आणि ‘आपल्यात असेच चालते’ हे उत्तर तिथे पुरत नाही, कारण वर्गातल्या आणखी दहा जणांना तोच प्रश्न पडलेला असतो.

उत्तर अमेरिकेतल्या जैन समाजाची लोकसंख्या दीड लाखाच्या घरात असल्याचा अंदाज सांगितला जातो. अमेरिका आणि कॅनडात मिळून सत्तरच्या आसपास जैन केंद्रे आहेत आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी शनिवारी किंवा रविवारी पाठशाळा भरते. तिथल्या मराठी वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळाही अशाच सुट्टीच्या दिवशी, अशाच आईबाबांच्या पदरमोडीवर आणि उत्साहावर चालतात. फरक इतकाच की मराठी शाळेत भाषा शिकायची असते, आणि जैन पाठशाळेत जे शिकायचे ते त्याच दिवशी दुपारच्या जेवणापासून अमलात आणायचे असते.

या पाठशाळा इतक्या बोलक्या का झाल्या, याचे कारण जैन परंपरेच्या एका कडक नियमात आहे. जैन साधू-साध्वी वाहनात बसत नाहीत; अनवाणी पायी विहार करतात. त्यामुळे समुद्रापलीकडे त्यांचे जाणे होत नाही. १८९३ साली शिकागोला सर्वधर्म परिषद भरली तेव्हा निमंत्रण आले होते ते आचार्य विजयानंदसूरी, म्हणजे आत्मारामजी महाराज यांना. मुनिधर्मामुळे त्यांना जहाजाने जाता येत नव्हते. मग त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांना तयार करून पाठवले. गांधी मूळचे सौराष्ट्रातल्या महुव्याचे, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले, जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे चिटणीस आणि वय अवघे एकोणतीस. स्वामी विवेकानंद ज्या व्यासपीठावरून बोलले त्याच व्यासपीठावरून या तरुण श्रावकाने अमेरिकनांना जैन विचार समजावून सांगितला. परिषद संपल्यावरही तो तिथे राहिला आणि गावोगाव व्याख्याने देत फिरला. १९०१ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षाच्या आतच तो गेला. अमेरिकेत जैन धर्म पहिल्यांदा जाहीरपणे शिकवला तो एका गृहस्थाने, आणि कारण एकच होते: साधूंना तिथे जाता येत नव्हते.

पुढची पाऊणशे वर्षे तिकडे जैन असे जवळपास नव्हतेच. १९०४च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात लाकडी कोरीवकामाचे एक जैन मंदिर उभारले होते. ते पुढे लास वेगासमधल्या एका हॉटेलच्या आवारात जाऊन पडले आणि अनेक वर्षांनी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जैन केंद्राने ते आपल्याकडे आणले. माणसांच्या आधी मंदिर पोहोचले होते, असे म्हणायला हरकत नाही. माणसे आली ती १९६५च्या कायद्याने आशियाई स्थलांतरितांना दार उघडल्यानंतर. डॉक्टर, इंजिनिअर, पुढे व्यापारी. १९७३मध्ये बॉस्टनचे जैन केंद्र सुरू झाले. १९८१मध्ये सगळ्या केंद्रांची मिळून ‘जैना’ ही शिखर संघटना लॉस एंजेलिसला स्थापन झाली.

या काळात दोन साधूंनी परंपरेची चौकट ओलांडली. मुंबईत लोकप्रिय असलेले मुनी चित्रभानू १९७०मध्ये विमानाने जिनिव्हाला गेले आणि १९७१मध्ये अमेरिकेत. त्यांच्या जाण्याला मुंबईत कडवा विरोध झाला. पुढे त्यांनी मुनिवेश सोडला. त्यांच्या पाठोपाठ आचार्य सुशीलकुमार गेले आणि न्यू जर्सीतल्या ब्लेअर्सटाउनला त्यांनी सिद्धाचलम हे तीर्थ उभे केले. तेरापंथाच्या आचार्य तुलसींनी १९८०मध्ये वेगळा मार्ग काढला. त्यांनी ‘समण-समणी’ अशी एक नवी श्रेणी निर्माण केली. व्रते साधूंसारखी, पण प्रवासाची मुभा असलेली. आज काही समणी अमेरिकेत राहून शिकवतात.

तरीही हे सगळे मिळून मूठभर. शेकडो मुलांना दर आठवड्याला कोण शिकवणार? उत्तर होते: आई, बाबा, मावशी, शेजारचे काका. सॉफ्टवेअर कंपनीत पाच दिवस काम करणारी बाई रविवारी सकाळी नऊ तत्त्वे समजावते. दातांचा डॉक्टर कर्माचे आठ प्रकार फळ्यावर लिहितो. पाठशाळांत शिकवणाऱ्यांमध्ये बायकांची संख्या मोठी आहे. यांतल्या कित्येकींनी लहानपणी भारतात सूत्रे तोंडपाठ केली होती. अर्थ कधी विचारला नव्हता, कोणी सांगितलाही नव्हता. अमेरिकेत मुलांनी अर्थ विचारला. मग त्यांना स्वतःलाच आधी अभ्यासाला बसावे लागले. आदल्या रात्री आई पुस्तक घेऊन बसते आणि सकाळी मुलगी शिकते, अशी ही दुहेरी पाठशाळा आहे. तिचे खरे बळ इथेच आहे.

त्यासाठी पुस्तके हवी होती आणि तीही मुलांना कळेल अशा इंग्रजीत. नॉर्थ कॅरोलिनातले प्रवीण के. शहा यांनी ‘जैना’च्या शिक्षण समितीची धुरा अनेक वर्षे वाहिली आणि वयोगटानुसार पाठ्यपुस्तकांची एक मालिकाच उभी राहिली. शिशुवर्गासाठी रंगवायची पाने, मग जीव-अजीव, तीर्थंकरांच्या गोष्टी, आणि मोठ्यांसाठी तत्त्वज्ञान व आचार. भारतातल्या पाठशाळेत पोर नवकार मंत्रापासून सूत्रे पाठ करत करत वर चढते. तिथे उलट आहे. ‘हे सजीव की निर्जीव?’ या खेळापासून सुरुवात होते. दगड, पान, खेळण्यातली गाडी, गोगलगाय. पाच वर्षांचे मूल गाडी चालते म्हणून तिला सजीवांत टाकते, आणि मग वर्गात जो गोंधळ माजतो त्यातून जीव म्हणजे काय हे मुले स्वतःच शोधतात: जाणीव कोणाला आहे, दुखते कोणाला.

गोष्टींचा वर्ग सर्वांत जास्त रंगतो. चंडकौशिक नागाची गोष्ट घ्या. अरण्यातल्या या विषारी नागाने महावीरांच्या पायाला दंश केला आणि रक्ताऐवजी दुधासारखी शुभ्र धार वाहिली. महावीर शांत उभे राहिले, नागाला समजावले आणि नाग बदलला. सात वर्षांच्या मुलांना नागाचा राग भावतो, कारण राग त्यांच्या ओळखीचा असतो. नाटक करताना प्रत्येकाला नागच व्हायचे असते. बारा वर्षांच्या मुलांना दुधाचा प्रश्न पडतो: शरीरातून दूध कसे येईल? समजदार शिक्षक इथे गडबडत नाही. काय वाटते, असे तो उलट विचारतो, आणि मुले आईच्या वात्सल्यापर्यंत स्वतःहून पोहोचतात. मेघकुमाराची गोष्टही तशीच. पूर्वजन्मी तो हत्ती होता. वणव्यात सगळे प्राणी एका मोकळ्या जागेत गोळा झाले. हत्तीने अंग खाजवायला पाय उचलला, तेवढ्यात त्या जागी एक ससा येऊन बसला. आग विझेपर्यंत हत्तीने पाय खाली टेकवलाच नाही. शिक्षक मुलांना एका पायावर उभे राहायला सांगतात. मिनिटभरात निम्मा वर्ग कोसळतो. हसून हसून पुरेवाट होते, आणि दुसऱ्यासाठी स्वतः कळ सोसणे म्हणजे काय हे पोटरीला कळलेले असते.

अशा खेळकरपणावर काही वडीलधारी मंडळी नाराज असतात. धर्म हा हसण्याखेळण्याचा विषय आहे का, असे ते विचारतात. जैन परंपरेकडेच पाहिले तर ही नाराजी टिकत नाही. सापशिडीचा जैन अवतार ‘ज्ञानबाजी’ या नावाने शतकांपूर्वी खेळला जात होता. चौऱ्याऐंशी घरांचा कापडी किंवा कागदी पट, खाली नरक, वर मोक्ष, शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. पर्युषणात श्रावक-श्राविका तो खेळत. महाराष्ट्रातल्या मोक्षपटाची परंपरा याच कुळातली. हसतखेळत तत्त्व शिकवणे ही अमेरिकेची आयात नाही.

आणि प्रश्नांचे म्हणाल तर जैन आगमांतले भगवती सूत्र हे सबंध प्रश्नोत्तररूप आहे. विचारणारे मुख्यतः महावीरांचे पट्टशिष्य इंद्रभूती गौतम. परंपरा सांगते की त्यात छत्तीस हजार प्रश्न होते. गौतम अतिशय विद्वान होते, तरी त्यांना विचारण्यात कमीपणा वाटला नाही. बॉस्टनच्या त्या मुलाने रात्रीच्या जेवणाबद्दल हात वर केला तेव्हा तो नकळत याच रांगेत उभा राहिला होता.

या पाठशाळांचे आणखी एक वैशिष्ट्य भारतातल्या जैनांनी मुद्दाम पाहावे असे आहे. भारतात श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी, तेरापंथी यांच्या पाठशाळा आपापल्या. काही तीर्थांवरून तर पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकज्जे चालले आहेत. अमेरिकेत संख्या कमी, पैसा कमी, अंतरे मोठी. वेगवेगळी मंदिरे परवडणारीच नव्हती. त्यामुळे बहुतेक केंद्रांत सगळे एका छताखाली आले. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या जैन केंद्रात एकाच इमारतीच्या वेगवेगळ्या भागांत श्वेतांबर मंदिर, दिगंबर मंदिर, स्थानकवासींचा उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्रांच्या अनुयायांची जागा आहे. वर्ग मात्र एकत्र.

मग पेच पडतात. महावीरांच्या मातेला स्वप्ने किती पडली? श्वेतांबर चौदा सांगतात, दिगंबर सोळा. महावीरांचे लग्न झाले होते का? श्वेतांबर परंपरेत झाले होते, दिगंबर परंपरेत नाही. पर्युषण आठ दिवसांचे की दशलक्षण दहा दिवसांचे? शिक्षक दोन्ही सांगतात. घरी जाऊन मूल आजीला म्हणते, ‘तुमची चौदा आणि त्यांची सोळा.’ आजी चमकते. एका विषयाला अनेक बाजू असू शकतात, हा अनेकान्ताचा धडा मुलांना व्याख्या पाठ करण्याआधीच मिळालेला असतो.

हे ऐक्य अगदीच नवे नाही, आणि त्याचा एक धागा थेट पवनारला जातो. चारही संप्रदायांना मान्य होईल असा एक ग्रंथ असावा, ही विनोबा भाव्यांची तळमळ होती. त्यांच्या प्रेरणेने जिनेंद्र वर्णी यांनी प्राकृत गाथांचे संकलन केले. १९७४मध्ये, महावीर निर्वाणाच्या पंचविसाव्या शताब्दीच्या निमित्ताने, सर्व संप्रदायांच्या साधूंनी आणि विद्वानांनी दिल्लीत एकत्र बसून ते तपासले, आणि ७५६ गाथांचे ‘समणसुत्तं’ तयार झाले. विनोबांनी जे ग्रंथात घडवून आणले ते या मुलांच्या वर्गात रविवारी रविवारी घडते आहे.

मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की पाठशाळेची खरी कसोटी लागते. लहानपणी आईबाबा गाडीत बसवून आणतात. आता नाही म्हणायची ताकद आलेली असते. शाळेतले मित्र शनिवारी रात्री पिझ्झा खायला जातात, रविवारी उशिरा उठतात. या वयाला स्वप्नांची संख्या सांगून उपयोग नसतो. त्यांचे प्रश्न वेगळे असतात आणि अतिशय नेमके. मार्शमेलो आणि गमी कँडीत जिलेटिन असते, ते प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनते. मित्राच्या वाढदिवसाला ते नाकारायचे कसे? चीज शाकाहारी दिसते, पण ते घट्ट करायला वापरलेले रेनेट वासराच्या जठरातले असू शकते. जीवशास्त्राच्या तासाला बेडूक चिरायला सांगितले तर? अमेरिकेतल्या अनेक राज्यांत विद्यार्थ्याला विच्छेदनाला नकार देऊन पर्यायी अभ्यास मागता येतो. कॅलिफोर्नियात तसा कायदा १९८८पासून आहे. हा कायदा ज्या विद्यार्थिनीच्या लढ्यामुळे झाला ती जैन नव्हती. पण वर्गात ही माहिती मिळाल्यावर एखादी मुलगी धीर करून शिक्षकांना लेखी कळवते आणि तिच्या आयुष्यातली अहिंसा पुस्तकातून बाहेर येते.

सर्वांत तापलेला विषय दुधाचा. जैन घरात दूध, तूप, दही म्हणजे सात्त्विक अन्न. देवाच्या अभिषेकाला दूध, दिव्याला तूप. पण अमेरिकेतल्या मोठ्या दुग्धशाळांत गाईला वारंवार गाभण ठेवतात, वासरू लगेच दूर करतात आणि दूध कमी झाले की तिला कत्तलखान्यात पाठवतात. प्रवीण शहांनी १९९५च्या सुमारास व्हरमाँटमधल्या एका दुग्धशाळेला भेट दिली आणि पाहिलेले सगळे लिहून काढले. त्या लेखाने अनेक घरांतल्या जेवणाच्या टेबलावर वाद पेटवला. तरुणांनी तो उचलून धरला. त्यांचे म्हणणे सरळ होते: बटाटा खाल्ल्याने जमिनीतले सूक्ष्म जीव मरतात म्हणून तुम्ही तो सोडता, मग पंचेंद्रिय गाईचे हाल होत असताना पनीर कसे चालते? आज तिथल्या अनेक जैन संमेलनांत जेवण पूर्णपणे वनस्पतीजन्य असते, त्यामागे या मुलांचा रेटा आहे. इथे शिकण्याची दिशा फिरली. मुलांनी प्रश्न केला आणि मोठ्यांनी ताट बदलले. धर्मशिक्षण यशस्वी झाले की नाही याचे याहून स्वच्छ माप सापडणे कठीण.

याच वयोगटासाठी १९९१मध्ये ‘यंग जैन्स ऑफ अमेरिका’ ही संघटना निघाली. चौदा ते एकोणतीस वर्षांची मुले-मुलीच ती चालवतात. १९९४मध्ये शिकागोला पहिले अधिवेशन झाले आणि तेव्हापासून साधारण दर दोन वर्षांनी, चार जुलैच्या जोडसुट्टीत, कुठल्या तरी शहरातल्या हॉटेलात शेकडो तरुण जमतात. दिवसभर छोट्या छोट्या गटांत सत्रे चालतात: कर्म आणि मानसिक आरोग्य, नोकरीतली सचोटी, वैद्यकीय शिक्षणातले प्राण्यांवरचे प्रयोग, आंतरधर्मीय लग्न, पर्यावरण. पहाटे ध्यान किंवा योगासने, संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी जेवण, रात्री गरबा. मधल्या काळात वेगवेगळ्या भागांत शनिवार-रविवारची निवासी शिबिरे होतात. तिथे कोणी अनोळखी राहू नये म्हणून पहिल्या संध्याकाळी खेळ, मग रात्री उशिरापर्यंत गप्पा. शाळेत आपल्या वर्गात आपण एकटेच जैन, प्रत्येक वेळी बटाटा का नको हे समजावून सांगायचे, याचा थकवा अशा एका रात्रीत उतरतो. समोरच्याला काही समजावून सांगावे लागत नाही, हेच सुख.

‘जैना’च्या मोठ्या अधिवेशनांत ज्ञानस्पर्धा होते. वेगवेगळ्या केंद्रांचे संघ घंटी दाबून उत्तरे देतात. सोळावे तीर्थंकर कोण, गुणस्थाने किती, कोणत्या कर्माने ज्ञानावर आवरण येते. महिनोन्‌महिने आधीपासून तयारी चालते आणि प्रेक्षकांत बसलेले आईबाबा क्रिकेटच्या सामन्यासारखे ओरडतात. शांतिनाथ हे उत्तर अर्ध्या सेकंदात देणाऱ्या मुलीला कदाचित गुजराती वाचताही येत नसेल. तिने प्राकृत सूत्रे रोमन लिपीत शिकलेली असतात. कोणाला यात तुटलेपण दिसेल. पण महावीरांनी पंडितांची संस्कृत बाजूला ठेवून लोकांच्या बोलीत उपदेश केला, असे परंपराच सांगते. ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगणे हा त्या परंपरेचा पहिला संस्कार आहे.

या मेळाव्यांत लग्ने जुळावीत अशी आईबाबांची इच्छा असते, आणि ती मुले ओळखून असतात. काही जणांना ते खटकते. पण दोन-तीन दिवस एकत्र राहून, मते ऐकून, कामे वाटून घेऊन झालेली ओळख ही पत्रिका आणि फोटोवरून होणाऱ्या ओळखीपेक्षा कैक पटींनी खरी असते.

उणिवाही आहेत आणि त्या झाकण्यासारख्या नाहीत. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे समभावाने एका जागी बसणे. चर्चेत हिरिरीने बोलणाऱ्या तरुणांपैकी किती जण ही अठ्ठेचाळीस मिनिटे घरी एकट्याने बसतात? मूळ ग्रंथ हाती घेऊन सलग वाचणारे थोडे. कॉलेजात गेल्यावर गळती होते, ती पाच-सहा वर्षे टिकते; काही जण स्वतःचे मूल झाले की परततात, काही परतत नाहीत. साधूंचा सहवास नसल्याची उणीव पुस्तकाने किंवा परिसंवादाने भरून निघत नाही. उन्हात अनवाणी चालणारी, हाताने केशलोच करणारी, एका वेळच्या भिक्षेवर राहणारी व्यक्ती समोर पाहिली की अपरिग्रहाबद्दल वेगळे व्याख्यान लागत नाही. भारतातल्या मुलांना हे दर्शन सहज मिळते.

म्हणूनच इकडे काय चालले आहे हेही पाहायला हवे. २०११च्या जनगणनेनुसार देशात जैन सुमारे साडेचव्वेचाळीस लाख, आणि त्यांतले चौदा लाख एकट्या महाराष्ट्रात. कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. मुंबईत तरुणांच्या रविवारच्या शिबिरांची परंपरा जुनी आहे. आचार्य भुवनभानुसूरींनी उन्हाळी सुट्टीत युवकांची निवासी शिबिरे भरवून ती वाट पाडली. स्थानकवासी परंपरेतल्या नम्रमुनी महाराजांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या ‘लुक एन लर्न’च्या वर्गांत लहान मुले चित्रे, खेळ आणि नाट्य यांतून शिकतात. तेरापंथाच्या ज्ञानशाळा गावोगाव रविवारी भरतात आणि तिथेही शिकवणाऱ्या बहुतेक गृहिणीच.

सांगली-कोल्हापूरचा पट्टा वेगळाच. इथला जैन मुख्यतः शेतकरी, दिगंबर आणि घरात मराठी किंवा कन्नड बोलणारा. जैन म्हणजे व्यापारी, ही समजूत शिरोळ किंवा हातकणंगल्याच्या उसाच्या फडात गळून पडते. १८९९मध्ये स्तवनिधीला स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने या समाजात शिक्षणाची ओढ रुजवली. कर्मवीर भाऊराव पाटील याच मातीतले, कुंभोजचे. त्याच कुंभोजजवळच्या बाहुबलीला समंतभद्र महाराजांनी गुरुकुल उभे केले. आधुनिक शाळेबरोबर धर्मशिक्षण, असा त्यांचा आग्रह होता. आजही या भागात वीर सेवा दलाचे तरुण कार्यकर्ते गावच्या मंदिरात मुलांच्या पाठशाळा चालवतात. शेतातून आलेला पोरगा हातपाय धुऊन णमोकार म्हणायला बसतो. त्याचेही प्रश्न अवघडच. उसावर कीटकनाशक फवारायचे की नाही? नांगरटीत मरणाऱ्या जिवांचे काय? श्रावकाच्या अहिंसेत जाणूनबुजून केलेली हिंसा आणि उदरनिर्वाहात अटळपणे होणारी हिंसा यांत भेद केला आहे. शेतकऱ्याच्या मुलाला तो शहरातल्या मुलापेक्षा लवकर उमगतो, कारण त्याला तो रोज बांधावर दिसतो.

आता या दोन टोकांची गाठ पडू लागली आहे. २०२०च्या टाळेबंदीत पाठशाळा पडद्यावर गेल्या आणि त्या पूर्णपणे परतल्या नाहीत. टेक्सासमधल्या मुलाला मुंबईच्या शिक्षिका सूत्रे शिकवतात. मुंबईतली कॉलेजकन्यका अमेरिकेतल्या चर्चासत्रात बसते आणि पनीरवरून भांडते. इथल्या पाठशाळांकडे पाठांतर आहे, साधूंचा सहवास आहे; तिथल्यांकडे चर्चेची सवय आहे, सगळे संप्रदाय एकत्र बसवण्याची रीत आहे. देवाणघेवाण व्हायलाच हवी, आणि ती मोठ्या संस्थांनी ठराव करण्याची वाट न पाहता तरुणांनी परस्पर सुरू केली, हे चांगलेच झाले.

चर्चेला विषयांची वाण नाही. २०२३च्या जूनमध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेल्या कोंबडीच्या मांसाच्या विक्रीला परवानगी मिळाली. पक्षी मारलेला नाही; मग ते खाण्यात हिंसा आहे का? सुरुवातीच्या पेशी कुठून आल्या, त्या वाढवायला वापरलेल्या द्रावात गाईच्या गर्भाचे रक्त होते का? हिंसा केवळ मरणाऱ्या जिवात असते की खाणाऱ्याच्या बेपर्वाईत आणि आसक्तीतही असते? उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर बोट ठेवले आहे. पंधरा वर्षांची मुले त्या व्याख्येला हा नवा पदार्थ लावून पाहू शकतात, आणि शिक्षिकेला आदल्या रात्री पुन्हा एकदा अभ्यासाला बसावे लागते.